नकार द्या, पण कळवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपण शिरपूर तालुक्यातल्या एका तरुणाचं पत्र छापलंत. बऱ्याच दिवसांपासून कथा पाठवतो आहे, कुठूनच उत्तर येत नाही, शेवटी एका प्रकाशनाने ‘पैसे भरा, छापतो’ म्हणून कळवलं, तेव्हा आता वही बंद केली आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. पत्र मी दोनदा वाचलं. वाक्यं आखूड, तक्रार स्पष्ट, उगाचचा एक शब्द नाही. ज्याला असं पत्र लिहिता येतं त्याने वही बंद करू नये, एवढंच सांगण्यासाठी लिहायला बसले होते. पण लिहिता लिहिता लक्षात आलं की माझं निम्मं म्हणणं त्या भावासाठी आहे आणि निम्मं आपल्यासारख्या संपादकांसाठी. दोन्ही लिहिते. पत्र लांबेल, सांभाळून घ्यावं.

मी एरंडोल तालुक्यातल्या एका गावच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. ‘ड’ वर्गाचं वाचनालय म्हणजे एक मोठी खोली, भिंतीला लावलेली लोखंडी कपाटं आणि वर्तमानपत्रांसाठी एक लांब बाक. सकाळी म्हातारी माणसं पेपर वाचून जातात, संध्याकाळी स्पर्धा परीक्षेची मुलं येतात. मधली दुपार माझी असते. त्या वेळात मी कथा लिहीत आले. काही मासिकांतून आणि दिवाळी अंकांतून छापून आल्या, एक-दोन जळगाव आकाशवाणीवर वाचल्या. परत आलेल्या कथा त्याहून पुष्कळ जास्त आहेत. त्यामुळे या विषयावर बोलायचा थोडा अधिकार मला आहे असं वाटतं.

माझी पहिली कथा कापूस वेचणाऱ्या एका बाईची होती. तेव्हा मी माहेरी, अमळनेर तालुक्यात होते. मासिकांत बारीक अक्षरांत सूचना असायची की साहित्य परत हवं असल्यास स्वतःचा पत्ता लिहिलेलं, पुरेशी तिकिटं लावलेलं पाकीट सोबत जोडावं. तसं जोडलं होतं. पोस्टमनने पाकीट हातात दिलं आणि वरचं अक्षर माझंच दिसलं, म्हणजे आत काय आहे ते उघडायच्या आधीच कळलं. आई ओट्यावर शेंगा फोडत होती. ‘परत उनी का वं तुनी गोष्ट?’ म्हणाली आणि पुन्हा शेंगांकडे वळली.

आत छापील चिठ्ठी होती, ‘आपले साहित्य साभार परत, लोभ असावा’ वगैरे. ती उलटी केली तर मागे पेन्सिलीने दोन ओळी लिहिलेल्या. ‘या बाईच्या मनात काय येतं ते तुम्ही तीन पानं लिहिलं आहे. तिच्या हाताला काय होतं ते कुठे दिसलं नाही.’ खाली सही नव्हती. कुणी लिहिलं ते मला आजही माहीत नाही.

मी स्वतः वेचणीला जाणारी मुलगी. हाताला काय होतं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. बोंड उमललं की त्याच्या पाकळ्या वाळून टणक होतात आणि त्यांची टोकं नखांच्या कडेला लागत राहतात. आठ दिवसांत तिथली कातडी फाटते. मग बाया बोटांना चिंध्या गुंडाळतात. पण चिंधी गुंडाळली की कापूस चिमटीत नीट येत नाही, हात मंदावतो, आणि मजुरी तर किलोवर. म्हणून दुपार झाली की बाया चिंध्या सोडून फेकतात आणि उघड्या बोटांनी वेचतात. दुसरं म्हणजे सकाळचं दव. दवाचा कापूस वजनाला भरतो, म्हणून बायांना उजाडता उजाडता सऱ्यांत शिरायचं असतं. शेतमालक मात्र ऊन वर यायची वाट बघायला सांगतो, कारण ओला कापूस घरात रचला की पिवळा पडतो आणि भाव उतरतो. दोघांचंही खरं असतं. सकाळच्या त्या एका तासात बांधावर जी बोलाचाली होते, तिच्यातच माझी अख्खी कथा होती. पेन्सिलीच्या त्या दोन ओळींनी मला तिथे नेऊन उभं केलं.

कथा नव्याने लिहिली. दुसऱ्या मासिकाने परत पाठवली, या वेळी चिठ्ठी कोरी. तिसरीकडून काहीच आलं नाही. आणखी एकदा लिहिली, आणि पुढे एका छोट्या दिवाळी अंकात ती छापून आली. अंकाची एक प्रत आली, मानधन म्हणून लहानसा धनादेश आला. वडिलांनी तो बँकेत टाकायच्या आधी शेजारच्या चार घरी दाखवून आणला.

आता माझा मुद्दा. त्या अनोळखी संपादकाने मला नकारच दिला होता. पण माझी कथा त्याने शेवटपर्यंत वाचली, आणि वाचली आहे हे मला कळू दिलं. पुढे मी जे काही लिहिलं त्याला त्या दोन ओळींचा आधार आहे. आज माझ्या वाचनालयात येणाऱ्या मुलांच्या वाट्याला ती छापील चिठ्ठीसुद्धा येत नाही. ई-मेल जातो. पोचला की नाही ते कळत नाही. सूचनेत एक ओळ असते: इतक्या महिन्यांत उत्तर न आल्यास साहित्य अस्वीकृत समजावे. पुष्कळ ठिकाणी तर किती महिने थांबायचं तेही सांगितलेलं नसतं.

यात होणारं खरं नुकसान संपादकांच्या ध्यानात येत नसावं. एकच कथा एका वेळी दोन ठिकाणी पाठवू नये अशी आपल्याकडची रीत आहे, आणि नवी मुलं ती जुन्यांपेक्षा जास्त प्रामाणिकपणे पाळतात. आता समजा, कथा जूनमध्ये एका दिवाळी अंकाकडे गेली. मुलगा थांबतो. गणपती होतात, नवरात्र होतं. अंक बाजारात येतो, तालुक्याच्या गावी जाऊन तो अंक चाळतो, आणि आपलं नाव नाही तेव्हा त्याला नकार कळतो. तोपर्यंत बाकीचे सगळे अंक छापून झालेले असतात. एका न आलेल्या उत्तराने त्या कथेचं पूर्ण वर्ष गेलं. वीस-बावीस वर्षांच्या मुलाला वर्ष ही फार मोठी गोष्ट असते. त्या वर्षात घरचे नोकरीसाठी मागे लागतात, मोठा भाऊ म्हणतो की हे उद्योग बंद कर, आणि हाताशी दाखवायला एक ओळीचा कागदसुद्धा नसतो. शिरपूरच्या त्या भावाच्या पत्रात मला हेच दिसलं. नकार त्यांना मिळालेलाच नाही. मिळाला असता तर कदाचित त्यांनी तो पचवलाही असता.

संपादकांची बाजू मी बघते. आमच्याकडे येणारे कितीतरी अंक एकहाती चालतात. तोच माणूस संपादक, तोच मुद्रितं तपासणारा, तोच जाहिरातींसाठी वणवण करणारा. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा बहुतांशी अशाच माणसांनी ओढून आणली आहे. अंकाची पानं जाहिरातींवर ठरतात. शेवटच्या आठवड्यात जाहिरात आली की एखादी कथा बाहेर जाते, आणि ती बहुधा नव्या माणसाची असते, कारण निमंत्रित लेखकाला शब्द दिलेला असतो. यात कुणाचा दुष्टावा नाही हे मला कबूल आहे. पण हे सगळं नव्या माणसाला कुणी सांगितलेलं नसतं. त्याला वाटतं आपण लिहिलेलं वाईट होतं.

लिहिण्याच्या दर्जाशी ज्यांचा काही संबंध नाही अशी कारणं मी रोज बघते. आमच्याकडच्या एका मुलीने कथा तालुक्याच्या डीटीपी सेंटरमधून टाइप करून घेतली. त्याने ती श्रीलिपी नावाच्या फाँटमध्ये केली. हिने ती फाइल तशीच ई-मेलला जोडली. समोरच्या संगणकावर तो फाँट नसेल तर अशी फाइल उघडल्यावर नुसती चित्रविचित्र चिन्हं दिसतात. कथा चांगली होती, मी वाचली होती. ती तिकडे कुणी वाचली असण्याची शक्यताच नव्हती. पण ‘कुठल्याही संगणकावर दिसेल अशा युनिकोडमध्ये पाठवा’ एवढं तिला कुणी उलट कळवलं नाही. अशीच दुसरी गोष्ट वेळेची. दिवाळी अंकासाठीचं लेखन साधारण पावसाळा सुरू होता होता पोचलेलं असावं लागतं. आमची मुलं शेतीच्या कामातून मोकळी होऊन पोळ्यानंतर पाठवतात. तेव्हा अंक जुळवायला गेलेला असतो. कुणी वहीच्या पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतं, कुणी अडीच हजार शब्दांच्या जागेसाठी नऊ हजारांची कथा पाठवतं. ही माहिती पुण्या-मुंबईच्या मुलांना चार ओळखीच्या माणसांकडून मिळून जाते. तापीकाठच्या खेड्यात ती कोण देणार?

आलेला प्रत्येक नकार ऐकायचा असतो असंही मला म्हणायचं नाही. माझ्या कथांत बायका अहिराणी बोलतात. बांधावर वजन होताना बाई ‘भाऊ, वजन बराबर शे ना?’ असंच विचारते. तिने ‘वजन बरोबर आहे ना?’ असं विचारलं की ती बाई आमच्या गावची उरत नाही. एका ठिकाणाहून मला लिहून आलं की संवाद प्रमाण मराठीत करा, बोली वाचकांना कळणार नाही. कथा घेतो असंही त्यात होतं. मी चार दिवस विचार केला आणि नम्रपणे नाही म्हणून कळवलं. पेन्सिलीची सूचना मानली आणि ही मानली नाही, कारण पहिलीने मला माझ्या माणसांच्या जवळ नेलं होतं आणि दुसरी त्यांच्यापासून लांब नेत होती. कुठलं ऐकायचं आणि कुठलं सोडायचं हे ठरवायला तरी समोरच्याचं म्हणणं कळायला हवं. ज्याला काहीच कळवलं जात नाही तो आपलं सगळंच चुकलं असं धरून चालतो, आणि सर्वांत आधी आपली बोली टाकून देतो. हे मी एकापेक्षा जास्त मुलांच्या बाबतीत बघितलं आहे, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

खान्देशात बोलीचा प्रश्न आला की बहिणाबाईंचं नाव येतंच. त्या भावाच्या पत्रातही होतं, की बहिणाबाई हयात असताना त्यांचं पुस्तक कुठे आलं होतं, मग आमचं काय. मला हा दाखला वेगळा दिसतो. आसोद्याची ही लेक, जळगावच्या चौधरींची सून, लिहिता-वाचता येत नव्हतं. लेवा गणबोलीत त्या गात राहिल्या आणि मुलगा सोपानदेव यांच्यामुळे ती गाणी कागदावर उतरली. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. म्हणजे मुलगा स्वतः कवी होता, त्याची उठबस अत्र्यांसारख्या माणसांत होती, म्हणून ती वही घराबाहेर पडली. आसोद्याच्या, यावलच्या, पारोळ्याच्या ज्या बायांचा मुलगा कवी नव्हता त्यांच्या ओव्या कुठे गेल्या? माझ्या आजीच्या गेल्या, मला त्यातल्या तुटक तुटक आठवतात. म्हणून मी म्हणते की वही बंद करून कुणीतरी शोधत येईल याची वाट बघू नये. पाठवत राहावं. बहिणाबाईंना पाठवायची सोय नव्हती, आपल्याला आहे.

आणि याच जळगावात १९०७ साली कविसंमेलन भरलं होतं. धरणगावचा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा तिथे कविता म्हणायला उभा राहिला. मोठमोठ्या माणसांनी त्याला म्हणू दिली, ऐकून घेतली, आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हणून गौरवलं. त्र्यंबक बापूजी ठोमरे हे नाव मागे पडलं आणि बालकवी राहिले. पुढे अकराच वर्षं मिळाली त्यांना. मे १९१८ मध्ये भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली ते गेले, वयाची अठ्ठावीस पूर्ण नव्हती. त्या दिवशी जळगावात ‘वेळ संपली, बसा खाली’ असं कुणी म्हटलं असतं तर, हा विचार भादलीवरून गाडी जाते तेव्हा माझ्या मनात येतो. नव्या माणसाचं ऐकून घ्यायला फार काही लागत नाही, पण ते वेळेवर व्हावं लागतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. १९५२ नंतर पहिल्यांदाच अमळनेरचा मान. मी तिन्ही दिवस गेले होते. पुस्तकांच्या गाळ्यांमध्ये एक मुलगा बगलेत फाइल धरून हिंडत होता. बहुतेकांनी त्याला ‘कवितांची पुस्तकं खपत नाहीत’ म्हणून वाटेला लावलं. एका गाळ्यावरच्या वयस्कर माणसाने मात्र गिऱ्हाइकांच्या गर्दीत उभ्या उभ्या त्याची चार पानं वाचली आणि म्हणाला, ‘पहिली कविता ठेव. बाकीच्या तिचीच पुन्हा पुन्हा आहेत.’ कडू बोलणं होतं. पण तासाभराने तोच मुलगा मला चहाच्या टपरीमागे सावलीत बसलेला दिसला, फाइल मांडीवर उघडी आणि हातात पेन. तो खोडत होता. बाकीच्या गाळ्यांवर ज्यांनी गोड बोलून वाटेला लावलं त्यांच्यापैकी कुणी त्याला इतकं दिलं नव्हतं.

आता पैसे भरून छापण्याविषयी, कारण या मौनाचा फायदा घेणारा एक धंदा उभा राहिला आहे. माझ्या वाचनालयात ‘प्रातिनिधिक काव्यसंग्रह’ भेट म्हणून येतात. जाड कागद, रंगीत मुखपृष्ठ, आत साठ-सत्तर कवी, प्रत्येकाचा फोटो. प्रत्येकाने आपल्या पानाचे पैसे भरलेले असतात, वर प्रती विकत घ्यायची अट असते. सोबत सन्मानपत्र, शाल, ट्रॉफी, त्यांचे वेगळे पैसे. निवड कुणाचीच होत नाही, कारण नाही कुणालाच म्हणायचं नसतं. एका मुलीने शिष्यवृत्तीचे पैसे त्यात घातले. ती आनंदाने पुस्तक घेऊन आली तेव्हा मी तिची कविता वाचली. दुसऱ्या कडव्यात एक ओळ दोनदा छापली होती आणि तिचं आडनाव चुकलं होतं. म्हणजे छापणाऱ्यानेही ती वाचली नव्हती. त्यानंतर तिने नवीन काही लिहिलेलं मला दाखवलं नाही.

‘आयएसबीएनसह प्रकाशन’ असं सांगून वेगळे पैसे घेतात तेही इथे नोंदवते. हा क्रमांक भारतात विनामूल्य मिळतो, केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून. तो पुस्तकाच्या ओळखीचा क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नव्हे. ज्यांना हे ठाऊक नाही अशा किती आई-बापांनी कापसाच्या पट्टीतून हे पैसे दिले असतील याचा आपल्या वर्तमानपत्राने शोध घ्यावा अशी माझी विनंती आहे.

सरळ वाटा आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ज्याचं एकही पुस्तक आलेलं नाही त्याचं हस्तलिखित तिथे जाणकार वाचतात आणि पसंत पडलं तर पुस्तक छापायला अनुदान मिळतं. हे मंडळ १९६० मध्ये झालं, त्याचे पहिले अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, आपल्या धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या पुस्तकांसाठी वेगळे विभाग आहेत, त्यातला कवितेचा पुरस्कार बहिणाबाईंच्या नावाने दिला जातो. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०११ पासून आहे, पस्तिशीपर्यंतच्या लेखकांसाठी. या सगळ्या ठिकाणी नकार मिळू शकतो. पण तिथे कुणीतरी वाचतं, आणि लेखकाकडून पैसे घेत नाही.

आमच्या वाचनालयात आम्ही एक लहानशी गोष्ट सुरू केली आहे. महिन्यातल्या एका रविवारी सात-आठ जण जमतो. जिनिंगमध्ये काट्यावर बसणारा एक जण आहे, दोन शिक्षिका आहेत, केळीच्या गाडीवर जाणारा एक मुलगा आहे, बाकी कॉलेजची मुलं. ज्याची पाळी असेल तो आपलं लिहिलेलं मोठ्याने वाचतो. ऐकणाऱ्याने ‘छान’ म्हणायचं नाही हा नियम आहे. कुठे कान टवकारले आणि कुठे लक्ष उडालं, एवढंच सांगायचं. पहिल्या वेळी सगळ्यांचे चेहरे पडले. आता लोक कुठे लक्ष उडालं तेच आधी विचारतात. केळीच्या गाडीवरचा मुलगा रात्रीच्या प्रवासाविषयी लिहितो, दिल्लीपर्यंतचे ढाबे, ताडपत्रीचा आवाज, घड पिकू नयेत म्हणून चालकाची घाई. त्याचं तीन ठिकाणांहून परत आलं आहे. चौथ्या ठिकाणी पाठवायच्या आधी त्याने शेवट बदलला, आणि आम्हा सगळ्यांच्या मते तो आता जमला आहे. साने गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढत. गावोगावच्या वाचनालयांना एक हस्तलिखित अंक वर्षाला काढणं जड नाही. आम्ही यंदा काढणार आहोत.

आपल्याला आणि आपल्यामार्फत इतर संपादकांना माझी मागणी साधी आहे. लेखन पोचलं की पोचल्याचं कळवा. घ्यायचं नसेल तर ठरावीक मुदतीत ‘नाही’ म्हणून कळवा, म्हणजे ती कथा पुढे पाठवायला मोकळी होते. सगळ्यांना कारण द्यायला वेळ नसतो हे समजतं, पण ज्याच्यात काही दिसलं त्याला एक ओळ जास्त लिहा. शब्दमर्यादा, शेवटची तारीख आणि फाइल कशी हवी हे पुरवणीत वर्षातून एकदा ठळक छापा. आणि रविवारच्या पुरवणीत महिन्यातून एक जागा अशा माणसासाठी ठेवा ज्याचं आजवर कुठेच काही आलेलं नाही. निवड कडक करा. आमच्या मुलांना सवलत नको आहे, त्यांना वाचणारा माणूस हवा आहे.

शिरपूरच्या भावांना एवढंच, की ज्या कथांना उत्तर आलं नाही त्या कुणी नापसंत केल्या असं धरू नका, त्या न वाचलेल्या आहेत असं धरा आणि पुन्हा पाठवा. पाठवण्याआधी त्यातली एक आमच्या रविवारी येऊन वाचा. धुळ्याहून जळगावकडे जाणारी एसटी पारोळ्यावरून एरंडोलला येते, पुढे आमच्या गावापर्यंत रिक्षा मिळते, दुपारचं जेवण माझ्याकडे. येणं जमत नसेल तर कथा पोस्टाने पाठवा, आम्ही वाचून लेखी कळवू, आणि जे वाटेल ते खरं कळवू. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे. त्यांनी मागितला तर कृपया द्यावा.

आपली नम्र,
एका गावच्या वाचनालयातील ग्रंथपाल
ता. एरंडोल, जि. जळगाव
(नाव छापू नये, ही विनंती.)